खदानीतली शिट्टी

जबाब. तारीख १३ ऑक्टोबर १९४८. पोलीस ठाणे, मौजे बोरहाळ, जिल्हा उस्मानाबाद.

नाव नीलम्मा, भ्रतार मयत वीरप्पा हत्तरगे. वय पंचेचाळीसच्या आसपास. जात लिंगायत. शिक्षण गावच्या शाळेत मराठी चौथी. राहणार बोरहाळ, जिनाच्या मागची आळी. धंदा घरकाम.

समक्ष हजर राहून सांगते की, धंदा घरकाम ह्ये जमादारांनी आपल्या मनानं लिवलंय. म्या सांगितलं व्हतं की कापसाच्या जिनात सरकी निवडते आन् घरी बारकी इंजनं दुरुस्त करते. जमादार म्हणले, बाई, आसला धंदा रकान्यात बसत न्हाय. म्या म्हणलं, मंग रकाना मोठा पाडा. पर ऱ्हाऊ द्या, घरकाम तर घरकाम. मालकांचं नाव म्या माझ्या तोंडानं घेतलं. आता ते काय रागवायला येत न्हाईत.

मदारसाब कलईगार, राहणार ह्याच गावात, ह्येला बाँब करतो म्हणून ठाण्याच्या शिपायांनी धरलंय. त्याच्या घरात जी तांब्याची वस्तू घावली ती माझी हाय. ती बाँब न्हाय. ते वाफेवर चालणारं खेळण्यातलं इंजन हाय. म्या त्याच्याकडं डाग द्यायला, म्हंजी गळका जोड सांधायला, दिलं व्हतं. मदारला सोडावं, येवढंच सांगायला मी आले. बाकीचं इचारत्यात म्हणून सांगते.

माझे मालक इथल्या जिनात मोठ्या इंजनवर मिस्त्री व्हते. सोलापूरच्या जुन्या बाजारात सायबांच्या पोरांनी मोडून टाकलेली खेळण्यातली इंजनं इकायला यायची. मालक तसली हुडकून आणायचे आन् घरी बसून चालू करायचे. पहिलं आणलं तवा त्याला चिमणी न्हाय, चाकाचा आरा मोडलेला, आन् बायलरात मुंग्यांनी संसार मांडलेला. म्या म्हणलं, आहो, भाकरीला पीठ आणायला धाडलं व्हतं तुम्हाला. ते म्हणले, मुंग्या काढ आधी.

इंजन म्हंजी येका लाकडी बैठकीवर तांब्याचा बायलर, तांब्यायेवढाच. त्याच्या खाली दिवा. शेजारी बोटायेवढं नळकांडं, त्यात मागंफुडं सरकणारा दट्ट्या, आन् दट्ट्याच्या जोरावर फिरणारं चाक. पाणी उकळलं की वाफ नळकांड्यात शिरती आन् चाक फिराया लागतं. वर येक शिट्टी. फौजदारसाहेबांनी इचारलं, याचा उपयोग काय? म्या म्हणलं, काय न्हाय. साहेब म्हणले, काही उपयोग नसता माणूस इतका खटाटोप कशाला करंल? मालक आसते तर म्हणले आसते, मुंग्या काढा आधी.

मालक असताना मी फकस्त चिमटा धरायचे. ते तापानं गेले, मंग कानस बी मीच धरली. दिव्याला इस्पिरिट मिळंना झालं तवा त्याच दिव्यात सरकीचं तेल चालंल आशी वात म्या बसवली. जुनी शिट्टी फुटकी व्हती. माझा कुंकवाचा करंडा आता रिकामाच पडला व्हता, त्याच्या झाकणाची नवी शिट्टी केली. जाऊबाई त्यावरून दिवाळीपातूर बोलली न्हाय. घरात लई शांतता झाली.

इंजनावर पत्र्याचं बाहुलं हाय त्याबद्दल इचारलं. ते बी म्याच बसवलं. चाकाला तार जोडली हाय, दर फेऱ्याला बाहुलं उजवा हात कपाळाला लावतं. डोईला लाल फेटा, बोकडाच्या केसाच्या मिशा. ते गुंडाप्पा पोलीस पाटलाचं हाय. पाटील इथंच पंच म्हणून बसल्यात, मिशा ताडून बघाव्या.

खंडेनवमीला समदी आपापली हत्यारं पुजत्यात. मालकांनी रीत घातली व्हती की त्या दिशी इंजनबी पुजायचं, आन् नुसतं पुजून ठेवायचं न्हाय, देवळाच्या पारावर नेऊन चालवून दाखवायचं. आख्खं गाव बघाया यायचं. म्हाताऱ्या माणसांनी खांद्यावर घेतलेली पोरं, बाया, जिनातली माणसं. दोन वर्सांमागं निजामाचे जुने अमीनसाहेब, म्हंजी तवाचे फौजदार, आले व्हते तवा पाटील सवता म्हणले, नीलम्मा, बाहुलं जरा साहेबांकडं फिरीव की. म्या फिरीवलं. बाहुल्यानं अमीनसाहेबाला सलाम ठोकला. पाटील सगळ्यात मोठ्यांदा हसले व्हते. पाटलांनी आज फौजदारसाहेबाला सांगितलं की ही वस्तू म्या जन्मात बघितली न्हाय. आता राज बदललंय. त्या सलामाचं काय करावं त्ये पाटलाला कळंना, ह्ये मला समजतं. पर बघितलं न्हाय आसं कसं म्हणत्यात?

मागल्या खंडेनवमीला बायलरच्या जोडातून वाफ गळायला लागली व्हती. आसल्या जोडाला कथलाचा डाग चालत न्हाय, जाळावर वितळतो. पितळेचा पक्का डाग लागतो. त्यो गावात येक मदारच देतो. मालक असल्यापासून बायलरचं काम त्याचंच. काम करताना बोलणं व्हायचं न्हाय, दोघं माना खाली घालून बसायचे. मी म्हणायचे, दोघंबी मुके झालात का काय, मला येकलीलाच बोलावं लागतंय.

दसऱ्याच्या आधी गावातली समदी भांडी कलईला मदारकडं जात्यात. त्याच्या दारात तपेल्यांचा ढीग आसतो, वाटंनं जाता येत न्हाय. औंदा येक वाटी गेली न्हाय. हिंदुस्थानची मिलिटरी येऊन गेल्यापासून त्यो घराबाहेरच पडला नव्हता. त्येची भट्टी थंड व्हती. मी इंजन पोत्यात गुंडाळून त्याच्या घरी गेले. दार हुसेनबीनं उघडलं, ती त्याची बायको. त्यो आत भिताडाला टेकून बसला व्हता.

म्या म्हणलं, "मदार, घरात दडून बसलास! हुसेनबीनं तुला बुरखा शिवला का न्हाय आजून?"

त्यो म्हणला, "अक्का, जमाना कैसा है देखते नै क्या. बाहर निकले तो लोगां कैसा देखते मेरेकू."

"लोकं तुला बघत्यात? आरं, थोबाड तरी धुतलंस का?"

हुसेनबी पदर तोंडाला लावून हसली. मंग त्यो बी हसला. म्या इंजन फुडं ठेवलं आन् म्हणलं, खंडेनवमी आली, डाग दे. त्येनं बायलर हातात घेतला, जोडावरनं अंगठा फिरीवला. त्यो म्हणला, "अक्का, ये वखत में आग जलाऊं? मरवाते क्या मेरेकू?"

म्या म्हणलं, "मरशील तवा मर. आधी डाग दे."

जमादार म्हणत्यात, बाई, ह्ये लिवायची गरज न्हाय. म्या म्हणलं, लिवा.

आता खदानीचं. मालकांची रीत आशी की नव्या डागाचा बायलर पहिल्या बारीला माणसांत पेटवायचा न्हाय. फुटला तर उकळतं पाणी अंगावर येतं. येकदा मालकांचा दंड भाजला व्हता, तवापासनं ही रीत. बायलर गावाबाहेर खदानीत न्यायचा, दिवा लावायचा, आन् मोठ्या दगडाआड पालथं पडून ऱ्हायचं. शिट्टी वाजली की समजायचं, डाग पक्का. शिट्टी वाजेपातूर डोकं वर काढायचं न्हाय. मदारला ही रीत ठावं व्हती. तरी म्या त्याला निघताना सांगितलं, "खदानीतच ने रं बाबा. माणसांत पेटवू नको. पोरंबाळं आसत्यात." त्यो म्हणला, "हौ अक्का, मालूम है."

दुसऱ्या दिशी मी मुरूमला भणीकडं गेले. मी असते तर त्याच्या संगं गेले असते. मालक गेल्यापासून खदानीत आम्ही दोघंच जात व्हतो.

त्या सकाळी बिराप्पा धनगर खदानीवर मेंढरं घेऊन व्हता. तो माणूस खोटा न्हाय. त्येचं म्हणणं म्या परवा त्याच्या तोंडून ऐकलं. त्येनं बघितलं की मदारसाब पोत्यातून तांब्याची वस्तू काढतोय, इकडंतिकडं बघतोय, वस्तूखाली जाळ करतोय आन् लंगडत घाईनं जाऊन दगडाआड पालथा पडतोय, डोकं हातानं झाकून. मंग येकदम किंचाळल्यासारखा आवाज झाला. मेंढरं उधळली. बिराप्पा मेंढरं सोडून गावाकडं पळत सुटला.

म्या त्याला इचारलं, "बिराप्पा, बाँब काय शिट्टी वाजवून फुटतो व्हय रं?"

त्यो म्हणला, "मला काय ठावं मावशी. म्या बाँब बी कवा बघितला न्हाय, तुझं इंजन बी बघितलं न्हाय. आमी दसऱ्याला कवा गावात आसतो?"

त्येचं खरं हाय. त्यो बाहेरच आसतो. बिराप्पानं जे बघितलं ते तसंच झालं, त्यात काय खोटं न्हाय. फकस्त त्येनं पाटलाला जाऊन सांगितलं, आन् पाटलाला ठावं व्हतं की ते काय हाय. पाटलानं तिथंच हसून सोडून दिलं असतं तर बिराप्पा मेंढरं गोळा करायला परत गेला असता. पाटील बिराप्पाला घेऊन ठाण्यात आले.

म्हंजी डाग टिकला व्हता. ती शिट्टी म्या ऐकली न्हाय.

मी मुरूमवरून आले तवा हुसेनबी माझ्याच वट्ट्यावर बसली व्हती. तिनं सांगितलं, शिपाई आले, इंजन आन् मदार दोन्ही घेऊन गेले. मदार त्येंना इंजन दाखवत व्हता, पाणी घालून चालवून दाखवतो म्हणत व्हता. दिव्याकडं हात नेला तसा येका शिपायानं त्येच्या हातावर बंदुकीचा दस्ता मारला. मी तशीच ठाण्यात आले. साहेब न्हाईत म्हणले. दुसऱ्या दिशी आले, साहेब जेवाया गेल्यात म्हणले. म्या म्हणलं, लई जेवत्यात. काल आले तर दसऱ्याचं सोनं लुटाया समदे गेले व्हते. आज जबाब घेत्यात.

फौजदारसाहेबांनी इचारलं, ही वस्तू तुमची कशावरून? म्या म्हणलं, आणा, चालवून दाखवते. शिपायानं पोतं आणून वट्ट्यावर उपडं केलं. बाँब निकामी करायचा म्हणून त्येंनी आधी जनावरांच्या हौदात रातभर बुडवून ठेवला व्हता, आन् मंग बायलर घणानं चेचला व्हता. चपटा झाला व्हता. म्या शिपायाला इचारलं, आत काय घावलं? त्यो म्हणला, पाणी. डाग तेवढा आखाच व्हता. दोन्ही बाजूचा पत्रा फाटला व्हता पर जोड उकलला नव्हता.

नळकांडं, चाक आन् बाहुलं शाबूत व्हतं. बायलर जोडायच्या आधी नळकांडं तोंडानं फुंकून बघायचं, आशी बी मालकांची रीत हाय. वाफंच्या जागी माणसाचा दम. म्या येरंडीचं तेल मागितलं. ते न्हाय म्हणून येका शिपायानं आपल्या डोईचं सुवासिक तेल आणून दिलं. म्या म्हणलं, आता इंजनाला बायको बघायला हरकत न्हाय. दट्ट्याला तेल दिलं, चाक अंगठ्यानं ढकललं, नळी तोंडात धरली आन् फुंकलं. पहिल्या बारीला अडकलं. हौदातला गाळ निघाला. दुसऱ्या बारीला चाक फिरलं. बाहुल्याचा हात वर गेला, खाली आला, परत वर गेला. शिपाई हसाया लागले. फौजदारसाहेबबी हसले. साहेबांनी पाटलाला इचारलं, "काय पाटील, वळखता का ह्येला?"

पाटील म्हणले, "न्हाय साहेब. आमच्यात आसलं कुणी न्हाय."

मी दम संपूस्तवर फुंकत व्हते. डोळ्यापुढं अंधारी आली म्हणून थांबले. शिपायानं पाणी दिलं.

फौजदारसाहेब म्हणले, "बाई, खेळणं हाय. मला पटलं."

म्या म्हणलं, "मंग मदारला बाहेर काढा. त्येची बायको दारात बसलीया."

साहेबांनी जमादारांकडं बघितलं. जमादारांनी लिवायचं थांबवलं. मंग जमादार म्हणले की मदारसाब कलईगार ह्या ठाण्यात न्हाय. काल सांजच्याला त्याला बाकी धरलेल्यांच्या संगं लॉरीतनं तालुक्याला धाडलं. वाटंत तो लॉरीतनं उडी टाकून पळाला. फरार हाय.

म्या इचारलं, बाकीचे?

जमादार म्हणले, ते बी.

म्या इचारलं, समदेच?

जमादार म्हणले, समदेच.

म्या सांगितलं की मदारचा डावा गुडघा वाकत न्हाय. त्यो मोठ्या पातेल्यात उभा राहून पायानं घासतो, वीस वर्सं घासतोय, त्यानं गुडघा गेलाय. खाली बसला तर उठायला हुसेनबीला हात द्यावा लागतो. आसला माणूस चालत्या लॉरीतनं उडी कशी टाकंल? ह्ये लिवा म्हणलं, त्येंनी लिवलं.

काल सांजच्याला ती लॉरी म्या बघितलीया. मी ह्याच वट्ट्यावर साहेबांची वाट बघत बसले व्हते. मागं ताडपत्री बांधली व्हती. गाडी सुरू व्हईना, डरायवर खाली उतरून हँडल मारत व्हता. म्या त्याला म्हणलं, आरं बाबा, जरा पाणी दाखव तिला, तहानली आसंल. डरायवर हँडल मारतच ऱ्हायला. माझा आवाज आत ऐकू गेला आसंल का, ठावं न्हाय. ताडपत्री हालली न्हाय.

फौजदारसाहेब म्हणले, "बाई, आरोपीच न्हाय तर आता ह्या जबाबाची गरज उरली न्हाय. हा कागद मी फाडून टाकतो. ऱ्हायला तर उद्या वस्तू तुमची म्हणून तुमच्यावरच यायचं." साहेबांनी ह्ये चांगल्या मनानं सांगितलं. आवाज खाली करून सांगितलं. म्या म्हणलं, फाडू नका. वस्तू माझी हाय. डाग द्यायला म्या लावलं. खदानीत ने म्हणून म्याच सांगितलं. त्यो घरात बसून व्हता, म्या त्याला हसवून बाहेर काढलं. धरायचं तर मला धरा. साहेब म्हणले, घरी जावा. पाटील म्हणले, नीलम्मा, जा आता, अंधार पडंल. म्या पाटलाला म्हणलं, तुम्ही म्हणता तर जाते, तुम्ही तर मला आधी कवा बघितलंबी नसंल.

चाक, नळकांडं आन् बाहुलं घेऊन जा म्हणले. म्या घेतलं न्हाय. खटल्याची वस्तू हाय, ठाण्यात ठेवा, त्यो घावला म्हंजी लागंल. पोच मागितली. आसल्या वस्तूची पोच देत न्हाईत म्हणले.

हुसेनबीनं मदारसाठी भाकर आणि आंबाडीची भाजी बांधून आणलीया. ती ठाण्यात ठेवून घेतली न्हाय. ती दारात बसलीया. तिला मी आजून काय सांगितलं न्हाय.

जबाब जमादारांनी मला मोठ्यांदा वाचून दाखवला. म्या सांगितलं तसा हाय. वर जे लिवलंय त्यात 'वाटंत पळाला' आन् 'फरार' ह्ये शब्द जमादारांचे हायत, माझे न्हाईत. ते खोडा म्हणलं, खोडले न्हाईत. म्हणून ह्ये खाली येगळं लिवून घेतलं. अंगठा नको, मला सही येती.

सही: नीलम्मा वीरप्पा हत्तरगे

माझ्यासमोर: जमादार, ठाणे बोरहाळ. पंच गुंडाप्पा पोलीस पाटील यांनी सही केली नाही. बाहेर गेले आहेत.